रोजंदारीवरचा पत्ता

नाही, मला एक सांगा, मंगळवारी सकाळी सव्वानऊला कुणी कुणाला फोन करतं का? आणि केलाच तर काय सांगायला? आकडे! चार आकडे, मध्ये तीन टिंबं. बास. साधा मंगळवार होता, तुम्हाला सांगतो, इतका साधा की त्या दिवशी डब्यात काय नेलं होतं तेही आठवत नाही, आणि त्याच मंगळवारी दुपारी चार वाजता मला कळलं की वडील गेले. पण ते चारला. मी सव्वानऊचं सांगतोय, कारण माझी तक्रार सव्वानऊची आहे, चारची नाही. चारबद्दल कुणाकडे तक्रार करणार?

तर सव्वानऊला मी परीक्षा विभागात उभा. उभा म्हणजे खरोखरच उभा, कारण साहेब उभे होते, आणि साहेब उभे असताना बसायचं नाही एवढं तरी आम्हाला पंचवीस वर्षांत शिकवलंय. दोन मुलांना एकच बैठक क्रमांक गेला होता. एक खुर्ची, दोन मुलं. चारशे प्रवेशपत्रं परत मागवायची की एकाच मुलाला हळूच कोपऱ्यात बसवायचं यावर खल चाललेला, आणि माझ्या खिशात फोन थरथरतोय. मी खिशातच दाबून बंद केला. सव्वानऊ म्हणजे वडील, बघायला कशाला हवं? साडेनऊला परत थरथरला. परत बंद केला. म्हटलं, तासाभराने करतो. आता तासाभराने मी फोन केला का, हे तुम्ही विचारू नका आणि मी सांगत नाही.

मुळात हा फोन का यायचा ते ऐका, म्हणजे तुम्हीही माझ्या बाजूने व्हाल.

आई गेल्यावर वडील एकटेच राहायचे. माझ्याकडे येत नव्हते. "तुझ्याकडे येऊन मी काय करू? तुमच्या लिफ्टची बटणं मोजू?" वडील पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसात पंप ऑपरेटर होते, एकतीस वर्षं. त्या माणसाला सबंध शहराला पाणी पाजायची सवय, तो माझ्या दोन खोल्यांत काय करणार? पण एकदा ते मधल्या बोळात पडले आणि दोन तास तसेच पडून राहिले, कुणाला पत्ता नाही. म्हणून मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत कॅमेरा लावला. भिंतीवर एवढासा. खुर्ची, टेबल, घड्याळ आणि अर्धं दार दिसायचं. मी ऑफिसात बसून बघणार, म्हणजे माझ्या जिवाला शांतता. काय वाईट होतं त्यात?

वाईट एवढंच होतं की घराचा पत्ता टिकत नव्हता. घर जागेवरच होतं हो, इंटरनेटवरचा पत्ता म्हणतोय मी. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघणारा एकजण आहे, त्याला आम्ही 'रीस्टार्ट' म्हणतो, कारण तुम्ही त्याला पोटात दुखतंय असं सांगितलं तरी तो म्हणेल, एकदा बंद करून चालू करा. त्याने मला समजावलं. म्हणाला, सामान ठेवायच्या खिडकीवर बिल्ला मिळतो ना, तसं आहे. तुमचं इंटरनेटचं यंत्र चालू झालं की कंपनी डब्यात हात घालून एक बिल्ला काढून देते. तो तुमचा पत्ता. चार आकडे, मध्ये तीन टिंबं. यंत्र बंद केलं की बिल्ला परत डब्यात, चालू केलं की दुसरा. याला डायनॅमिक म्हणायचं. मी म्हटलं, मग रोज नवा? तर म्हणाला, छे, यंत्र बंदच केलं नाही तर महिनामहिना एकच राहतो. कोण बंद करतंय?

कोण बंद करतंय! एकतीस वर्षं पंप चालवलेला माणूस बंद करतो! रात्री नऊ वाजता बटण खाली, सकाळी नऊ वाजता बटण वर. "अरे, यंत्राला विश्रांती नको? सलग चालवलं की बेअरिंग जातं." मी म्हटलं, बाबा, याला बेअरिंग नसतं. "बेअरिंग नाही असं यंत्रच नसतं. तुला दिसत नाही एवढंच." रीस्टार्टने एक फुकटची युक्तीही करून दिली होती, यंत्र आपला नवा पत्ता आपणच कळवतं म्हणे. ती अडीच दिवस चालली. वडील म्हणाले, एक अनोळखी दिवा लुकलुकत होता, मी दाबून टाकला.

म्हणून मग रोज सकाळी नऊला बटण वर, यंत्र सावकाश जागं होणार, वडील जुन्या कॉम्प्युटरवर रीस्टार्टने दाखवून ठेवलेलं पान उघडणार, त्यावर आजचा पत्ता, की सव्वानऊला मला फोन. "घे लिहून."

आणि काय ते सांगणं! तुम्ही मला चार आकडे सांगायला किती वेळ घ्याल? दहा सेकंद? वडिलांना नऊ मिनिटं लागायची. "एकशे सतरा... लिहिलंस?... टिंब... खालच्या चष्मेवाल्याने दुकानाला रंग दिलाय, हिरवा, डोळ्यांना बरा म्हणे... दोनशे वीस... टिंब... काल पाण्याला जोर नव्हता, नवीन पोरगा व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, मला इथे बसून कळतं... शून्य..." मी म्हणायचो, बाबा, आकडे. "आकडेच सांगतोय. शून्य. टिंब. तू सर्दीचं औषध घेतलंस?" आणि चौथा आकडा हातात आल्याशिवाय मी फोन ठेवू शकत नव्हतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं! तिसरं टिंब आलं की गाडी जी थांबायची... मामाच्या गुडघ्यापासून ते शेजारच्या मांजरापर्यंत सगळं जग त्या तिसऱ्या टिंबाच्या आणि चौथ्या आकड्याच्या मध्ये राहायला आलेलं.

मी एकदा चिडून म्हटलं, शून्य तरी सोडून द्या, मी समजून घेईन. तर आवाजच बदलला. "शून्य सोडायचं नाही. रीडिंग शून्य आलं तरी लिहायचं असतं. रकाना कोरा दिसला की पुढच्या पाळीचा माणूस समजतो, इथे कुणी नव्हतंच."

आणि एवढ्यावर सुटका? छे! "वाचून दाखव." पंपहाउसातला नियम, रीडिंग घेणाऱ्याने उलट वाचून दाखवायचं. मग मी भर ऑफिसात, टाइप करणाऱ्या चार मुलींसमोर, चार आकडे, मध्ये तीन टिंबं, मोठ्याने वाचणार. पलीकडून येणार, "बरोबर. ठेवतो." आणि मागे कागदाची सळसळ, म्हणजे वहीत लिहिणार. वही होती हो त्यांची, पंपहाउसात असते तशी, तारीख, वेळ, रीडिंग आणि शेरा असे रकाने आखलेली, पेन दोऱ्याने बांधलेलं. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थाला जातात, आमचे वडील वही आखायला बसले. आमची ही एकदा मला म्हणाली, "तुम्ही त्यांच्याशी रोज नऊ मिनिटं बोलता, पण जेवलात का एवढं विचारत नाही." मी म्हटलं, कॅमेऱ्यात दिसतं की!

मग मी ठरवलं, याचा निकाल लावायचा. रीस्टार्ट म्हणाला, स्टॅटिक घ्या. स्थिर पत्ता. एकदा मिळाला की तुमचा. बंद करा, चालू करा, वीज जाऊ द्या, काही होऊ द्या, तेच चार आकडे. वडिलांच्या नावाने अर्ज केला, कारण जोडणी त्यांच्या नावावर. त्यांना समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आत्ताचा पत्ता रोजंदारीवर आहे, त्याला कायम करायचंय." मी म्हटलं, अगदी बरोबर. "मी अकरा वर्षं रोजंदारीवर होतो. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, मुकादम बोट दाखवेल त्याने आत जायचं. कायम झाल्याचा कागद आला तेव्हा तू चौथीत होतास. होईल तोही. वेळ लागतो."

वेळ लागतो म्हणजे किती? सात महिने! सात महिने मी दर पंधरा दिवसांनी कंपनीला फोन करायचो आणि तिकडून एकच पालुपद, "सर, खातेदारांशीच बोलावं लागेल." अहो, खातेदार माझे वडील. "हो सर, पण खातेदारांशीच." मी वडिलांना विचारायचो, कंपनीचा फोन आला होता का? "बघतो," म्हणायचे. बघतो! फोन काय बघायची गोष्ट आहे? पण मला वाटायचं, कंपनीच करत नसेल. कंपन्या कुठे करतात फोन?

तर असा तो मंगळवार. माझ्या स्क्रीनवर आदल्या दिवशीचा पत्ता. उघडलं तर पांढरं पान आणि गरगर फिरणारं चाक. नवे आकडे माझ्याकडे नव्हते. चार आकडे, मध्ये तीन टिंबं, तेवढे टाकले असते की खुर्ची, टेबल, घड्याळ, अर्धं दार, सगळं समोर आलं असतं. पण दोन मुलांना एक खुर्ची! दुपारपर्यंत तेच चाललं. शेवटी एकाला कोपऱ्यात बसवायचं ठरलं, साहेब बसले, मग आम्हीही बसलो. चारला खालच्या चष्मेवाल्याचा फोन. तो वडिलांचा दुरुस्त केलेला चष्मा द्यायला वर गेला होता. दार वाजवलं, मग त्याच्याकडच्या किल्लीने उघडलं. म्हणाला, "तुम्ही निघा. गाडी सावकाश चालवा." सावकाश म्हणाला, तेव्हाच कळलं.

डॉक्टर म्हणाले, साडेदहाच्या सुमारास झालं असावं. खुर्चीतच. म्हणाले, क्षणात झालं, तुम्ही शेजारी बसला असतात तरी काही करता आलं नसतं. मी म्हटलं, बरं. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात का, ते मी विचारलं नाही. साडेनऊ ते साडेदहा एक तास होतो, हा हिशोबही मी त्यांच्यासमोर मांडला नाही. त्यांना पुढचे पेशंट होते.

आता खरी तक्रार ऐका. नऊ दिवसांनी मी त्या घरात कपाट आवरत बसलोय आणि वडिलांचा फोन वाजतो. "सर, खातेदारांशी बोलता येईल का?" कंपनी! सात महिन्यांनी कंपनी! मी म्हटलं, मी मुलगा बोलतोय, वडील वारले, नऊ दिवस झाले. ती बाई म्हणाली, सॉरी सर. आणि मग, बिचारीला कागदावरचं बोलणं भागच, म्हणाली, "सर, तुमचा स्थिर पत्ता मंजूर होऊन पाच महिने झालेत. फक्त खातेदारांचा होकार राहिलाय. आम्ही चार वेळा फोन केला, त्यांनी घेतला नाही."

माझं डोकंच फिरलं. माझे वडील फोन घेत नाहीत? पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलणारा माणूस? मी तिला वाटेल ते बोललो. सात महिन्यांचं सगळं, त्या मंगळवारचंही, तिच्यावर काढलं. तिने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आज शेवटची तारीख आहे सर. होकार नसेल तर अर्ज रद्द होईल."

आता शहाण्या माणसाने काय म्हणावं? करा रद्द. घरात कुणी नाही, कॅमेऱ्यातून बघायचं काय, खुर्ची? पण मला तो अकरा वर्षं फाटकाशी उभा असलेला माणूस आठवला, आणि तो कागद. म्हटलं, नाही. रद्द नाही करायचा. त्याला कायम करा. ती म्हणाली, "आवाज खातेदारांचा लागतो सर, रेकॉर्ड होतो. त्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही." मग तीच म्हणाली, "मी दोन मिनिटांनी परत फोन करते. खातेदारांना उचलायला सांगा."

दोन मिनिटं मी त्या फोनकडे बघत बसलो. वाजला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला. "हां, बोला," म्हटलं. वडील म्हणायचे तसंच, घशात जरा खाकरून. माझ्याच तोंडातून तो आवाज असा निघाला की मीच दाराकडे बघितलं. ती आकडे सांगू लागली, "एकशे सतरा, डॉट..."

"टिंब म्हणा," मी म्हटलं.

"टिंब," ती म्हणाली. पुढचे सगळे आकडे तिने टिंब म्हणतच सांगितले. मी लिहून घेतले. मग म्हटलं, "वाचून दाखवतो." चार आकडे, मध्ये तीन टिंबं. वाचले. "बरोबर," ती म्हणाली. "कायम करायचा ना सर?"

"करा," मी म्हटलं. "वेळ लागतो."

ठेवला फोन. आणि घरचा नियम म्हणून वही ओढली. नवा पत्ता आला की वहीत जायलाच हवा, नाही का? इतकी वर्षं मी ती वही फोनवरून नुसती ऐकलेली. उघडून बघितली त्या दिवशी पहिल्यांदा. तारीख, वेळ, पत्ता, पानामागून पान, सगळं आखलेलं. शेवटी शेऱ्याचा रकाना. मला वाटलं, त्यात असेल, यंत्र ठीक, दिवा हिरवा.

"मुलगा घाईत." "वाचून दाखवले. एक आकडा चुकला, दुरुस्त केला." "चिडला." "सर्दी आहे त्याला." "मागून सुनेचा आवाज आला." "आज हसला." एका ओळीत नुसतं "अकरा मिनिटे." काही दिवशी, "सायं. ६. उचलला नाही." म्हणजे सकाळी मी फोन घेतला नाही तरी लगेच लिहायचे नाहीत. संध्याकाळी सहापर्यंत रकाना माझ्यासाठी मोकळा ठेवायचे, मग लिहायचे.

आणि मधेच, पाच महिन्यांपूर्वीच्या एका पानावर, "कंपनीचा फोन. घेतला नाही." पुढच्या महिन्यात परत, "कंपनीचा फोन. घेतला नाही." चारदा. ती बाई एक शब्द खोटं बोललेली नव्हती. चौथ्या खेपेला पुढे अजून एक ओळ, बारीक अक्षरात. "कायम करायचे म्हणतात. घाई नाही. मुलाला सांगू नये."

आता मला सांगा, कुणाशी भांडू मी? अकरा वर्षं कायम व्हायची वाट बघितलेला माणूस, तो एक पत्ता मुद्दाम रोजंदारीवर ठेवतो. रोज सकाळी फाटकाशी उभा. आणि मी त्याच्याच आवाजात बोलून पाच मिनिटांपूर्वी पत्ता कायम करून बसलो!

उठलो. बटण खाली केलं. साठपर्यंत मोजलं. बटण वर केलं. यंत्र सावकाश जागं झालं, दिवे लागले, तो अनोळखीसुद्धा. ते पान उघडलं. तेच चार आकडे. मध्ये तीच तीन टिंबं. परत खाली, परत वर. तेच. रीस्टार्ट म्हणाला होता तसंच. काही होऊ द्या म्हणाला होता, तेच राहतील.

आता मी ऑफिसात सव्वानऊला बसलो की कॅमेरा एका झटक्यात उघडतो, तुम्हाला सांगतो, चाकसुद्धा फिरत नाही. उत्तम सेवा. खुर्ची, टेबल, घड्याळ, अर्धं दार.

वही घरी घेऊन आलोय. शेवटच्या पानावर त्या मंगळवारची ओळ आहे. तारीख आहे, वेळ आहे, नऊ बारा. चार आकडे, मध्ये तीन टिंबं, शून्याला शून्य, अक्षर नेहमीसारखं. शेऱ्याचा रकाना कोरा आहे, सहा वाजायचे होते ना अजून. कोरा सोडायचा नाही हा नियम मला पाठ आहे. पेनही वहीलाच बांधलेलं आहे.

मी अजून भरलेला नाही.